भिंती घातल्यात का?

टेबलावरचा तो पितळी रंगाचा डबा दाखवला की लोक विचारतात, "हे करतं काय?" उत्तर ऐकलं की त्यांचा उत्साह मावळतो. हा डबा सिग्नल वाढवत नाही, फक्त कमी करतो, आणि तोही ठरलेल्या मापाने. स्टेप ॲटेन्युएटर! सहा स्लाइड स्विच, केबल जोडायला दोन बीएनसी सॉकेट, आत रेझिस्टर. बॅटरी नाही, डिस्प्ले नाही. पण आजवर घरी केलेल्या कुठल्याच उपकरणावर मी एवढी कानस चालवलेली नाही.

कोऱ्या पीसीबीचे, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाचे, तुकडे गुण्यात धरून एकमेकांना डाग दिले की डबा उभा राहतो, ते सोपं. स्लाइड स्विचला मात्र आयताकृती भोक लागतं. ड्रिलने दोन गोल भोकं पाडायची, मधला भाग काढायचा आणि मग चारही कोपरे कानसत बसायचं. असं सहा वेळा. तिसरं भोक जरा तिरकं झालंय. दिसायला नको म्हणून त्यावर आकड्याची चिठ्ठी डकवली आहे, तीही तिरकी.

प्रत्येक स्विचमागे तीन रेझिस्टर: एक आडवा, त्याच्या दोन्ही टोकांना दोन उभे. सिग्नल किती पटीने घटला ते डेसिबल, म्हणजे डीबी, मध्ये मोजतात. ५० ओहमच्या लाइनवर २० डीबी घटवायचे तर आडवा २४७.५ ओहमचा हवा आणि उभे ६१.१ चे. असे आकडे पाकिटात मिळत नाहीत. मग २७० ला ३ के (तीन हजार ओहम) समांतर जोडला की २४७.७, आणि ६२ ला ४.७ के जोडला की ६१.२. मल्टिमीटर घेऊन रेझिस्टर निवडण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि खरं सांगायचं तर ती या कामातली सगळ्यात सुखाची संध्याकाळ होती.

तपासायची एक युक्ती मला फार आवडते. एका टोकाला ५० ओहमचा लोड लावायचा आणि दुसऱ्या टोकाला साधा ओहममीटर. आता कुठलाही स्विच दाबा, मीटरने ५० च्या आसपासच राहायला हवं. माझ्या डब्याने सहाही स्विचना ५० दाखवले. मी लगेच झाकण लावलं.

मग तो खऱ्या सिग्नलवर लावला. सिग्नलची ताकद मोजायला एडी ८३०७ या चिपवरचा घरगुती मीटर होता. वेस हेवर्ड आणि बॉब लार्किन यांनी २००१ साली क्यूएसटी या हौशी रेडिओच्या अमेरिकन मासिकात या चिपवरचा पॉवर मीटर दिला, आणि तेव्हापासून कितीतरी हौशींच्या टेबलावर त्याची भावंडं आहेत. ही चिप दर डीबीला साधारण २५ मिलिव्होल्ट देते. २० चा एकेक स्विच दाबला तर बरोबर अर्धा व्होल्ट उतरायचा. २० चे तीनही स्विच एकदम दाबले की दीड व्होल्ट उतरायला हवा होता, पण उतरला १.३. म्हणजे साठाऐवजी बावन्न डीबी!

अर्थातच मी दोष मीटरला दिला. दोन दिवस त्याच्याच मागे होतो. मग सहज ३.५ मेगाहर्ट्झवर मोजलं, तर साठ जवळपास पूर्ण. २८ वर पुन्हा बावन्न. हवेवर, म्हणजे रेडिओवरच्या गप्पांत, हे रडगाणं सांगितल्यावर एका ज्येष्ठ हौशींनी एवढंच विचारलं, "अहो, भिंती घातल्यात का?"

नव्हत्या घातल्या. साठ डीबी म्हणजे व्होल्टेज हजारपट कमी. इतकं दाबल्यावर रेझिस्टरमधून जाणारा सिग्नल एवढासा उरतो की शेजारच्या स्विचच्या पत्र्यातून हवेतल्या हवेत उडी मारून जाणारा सिग्नलही त्याला भारी पडतो. फ्रीक्वेन्सी वाढली की ही उडी आणखी सोपी होते. ओहममीटरला यातलं काही दिसणं शक्यच नव्हतं, तो डीसीवर मोजतो.

सगळं उघडलं. दोन स्विचांमध्ये दोन्हीकडे तांबं असलेल्या पीसीबीची एकेक भिंत, तळाला आणि बाजूंना सलग डाग देऊन. तार जाण्यापुरतं बारीक भोक. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नला धाप लागली, कारण एवढं तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं. शेवटी मोठं आयर्न आणलं, आणि त्याने एक रेझिस्टर भाजला. (आधीही एक गेला होता: ५ वॉटचा ट्रान्समीटर चुकून याच डब्यात सोडला. २० डीबीच्या पहिल्या उभ्या रेझिस्टरवर त्यातले चार वॉट पडतात, आणि तो होता पाव वॉटचा. वासावरून कळलं.)

आता तीन स्विच दाबले की २८ मेगाहर्ट्झवर १.४८ व्होल्ट उतरतात. झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवलंय: "साठ = ५९.२. फक्त ३० मेगाहर्ट्झपर्यंत." १४४ वर लावून पाहिलं तेव्हा आकडे पुन्हा घसरले. तिथे हे लांब पायांचे स्विच चालणार नाहीत, छोटे घ्यावे लागतील. म्हणजे पुन्हा सहा भोकं.