वर पोचलेल्या चेंडूचं त्वरण किती?

भौतिकशास्त्र शिकवतो म्हटलं की मुलं आणि त्यांचे पालक हमखास विचारतात: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वात उंच बिंदूवर क्षणभर थांबतो, तिथे वेग शून्य असतो. मग तिथलं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, शून्य का नाही?

मला हा प्रश्न फार आवडतो, कारण तो विचारणारा खरंच विचार करत असतो. नुसती सूत्रं पाठ करणाऱ्याला तो पडतच नाही.

चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने वर फेकला असं धरू, हवेचा विरोध सोडून देऊ. दोन सेकंदांनी तो माथ्यावर पोचेल. त्याच्या जरा आधी, १.९ सेकंदाला, तो ०.९८ मीटर प्रति सेकंद वेगाने वर जातोय. २.१ सेकंदाला तेवढ्याच वेगाने खाली येतोय. म्हणजे ०.२ सेकंदांत वेग १.९६ ने बदलला. भागाकार करा, ९.८ येतं. फेकल्यावर पहिल्या क्षणी जे त्वरण होतं, तेच इथेही आहे. माथ्यावर ते खरोखर शून्य झालं असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता! वेग किती आहे आणि वेग किती झपाट्याने बदलतोय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या मते गतीच्या धड्यातली निम्मी अडचण या दोघांची सरमिसळ झाल्यामुळे होते.

ऊर्जेकडून पाहिलं तर याच चेंडूत आणखी एक गंमत दिसते. पहिल्या सेकंदाअखेर वेग निम्मा होतो, पण गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे असलेली ऊर्जा, वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती पावच उरते. बाकीची पाऊण स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीमुळे साठलेली ऊर्जा, झालेली असते. उंची मोजा: एकूण १९.६ मीटरपैकी १४.७ मीटर, बरोबर पाऊण. वस्तुमान दोन्ही ऊर्जांच्या सूत्रांत असतं, म्हणून हिशेबातून निघून जातं. चेंडू जड की हलका, उंची तीच. मुलांना हा हिशेब मी स्वतः करायला लावतो, फळ्यावर आयता देत नाही.

याच्याच पाठोपाठ येतो अंतराळ स्थानकाचा प्रश्न: तिथे गुरुत्वाकर्षण नसतं ना? असतं की! सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. स्थानक सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने आडवं धावतं. वेगाचा आकडा जवळपास तोच राहतो, दिशा मात्र सतत पृथ्वीकडे वळत असते, आणि दिशा बदलणं हेही त्वरणच. स्थानक आणि आतला माणूस दोघेही एकाच त्वरणाने पडत असतात, पण आडवा वेग एवढा मोठा की पृथ्वीचा पृष्ठभाग त्यांच्याखालून तितकाच वळत जातो. स्थानकाची फरशी त्या माणसाच्या पायांना वर रेटत नाही, म्हणून तो तरंगताना दिसतो.