हा भो, व्हई जाई!

भुसावळात रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस भाजीबाजारात ओळखू येतो. भाजीवाली म्हणते, "वांगी चाळीस रुपये किलो." तो पिशवी उघडता उघडता पुटपुटतो, "वांगी चाळीस." घरून दळणाला पाठवलं तरी गहू किती, कळणा किती हे आधी म्हणून दाखवेल, मगच चपला घालेल. घरचे वैतागतात. मला या मंडळींचा हेवा वाटतो.

सवय इंजिनातली. एकाने सिग्नल मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने स्वतः पाहून तोच पुन्हा उच्चारायचा. सिग्नलला न जोडलेल्या फाटकांवरची रीत आणखी कडक. स्टेशन मास्तर फोनवर सांगतो, गाडी येतेय, फाटक लाव. नुसतं "हो साहेब" तिथे चालत नाही. फाटक लावून झालं की गेटमनने आपल्याजवळच्या यादीतला एक आकडा सांगायचा, 'प्रायव्हेट नंबर', आणि मास्तरने तो वहीत लिहून घ्यायचा.

लग्नघरात असा नंबर नसतो. मंडपवाल्याला फोन जातो, "सोमवारी सकाळी मंडप उभा पाहिजे." तो म्हणतो, "हा भो, व्हई जाई." त्याने ऐकल्याची पोच दिलेली असते, आपण ती कबुली समजून आचाऱ्याला फोन लावतो. हळद लागायची वेळ होते, अंगणात नुसते बांबू. "मी सांगितलं होतं ना?" "मग मी कुठे नाही म्हटलं?" दोघंही खरं बोलत असतात, हीच पंचाईत.

पण म्हणून हुंकाराला नावं ठेवायची नाहीत. भरीत पार्टीत तुरकाट्यांवर वांगी भाजेपर्यंत कुणीतरी केळीच्या बागेत दिसलेल्या बिबट्याचा किस्सा काढतो. समोरून "बाप रे", "मंग?" येत राहिलं की बिबट्या आणखी हातभर लांब होतो. ऐकणारे मोबाईलमध्ये शिरले की तोच बिबट्या मांजर होऊन निघून जातो. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जॅनेट बॅव्हेलस आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग याच जातीचा आहे. सांगणारा स्वतः थोडक्यात वाचल्याचा प्रसंग सांगतोय, आणि ऐकणाऱ्याला गुपचूप काम दिलंय: इंग्रजी 'टी'ने सुरू होणारे शब्द मोज. कान उघडे, पण जिथे दचकायचं तिथे चेहरा कोरा. सांगणारे नेमके शेवटाला घसरले, उगाच स्पष्टीकरणं देत बसले.

आपल्याकडे खरा तुटवडा आहे तो "म्हणजे?" विचारणाऱ्यांचा. वडीलधाऱ्यांपुढे तो उद्धटपणा ठरतो, साहेबापुढे बावळटपणा. त्यातून एखादी पुण्याकडची सून धीर करून विचारतेच, "शेवभाजीत तिखट बेताचं म्हणजे किती?" सासूबाई सांगतात, "टाक अंदाजानं." खानदेशातला अंदाज! भाजी जमली तर शिकवणारीचा हात चांगला, नाही जमली तर सुनेचं लक्षच नव्हतं.