आम्ही बसून, ते रांगेत

आज बेथलेहेमहून जेरुसलेमला बसने आलो. बेथलेहेम वेस्ट बँकमध्ये, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागात. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. मधे इस्रायली चेकपोस्ट आला आणि कुणी काही बोलायच्या आतच अर्धी बस, सगळे पॅलेस्टिनी, खाली उतरली, सवयच झालीये. कॉलेजच्या पोरी, नोकरीवाले, सगळे रस्त्याकडेला ओळखपत्र हातात धरून रांगेत. आम्ही टुरिस्ट मात्र एसीत बसून. मिसरूड फुटलेलं एक पोरगं, खांद्याला बंदूक, वर आलं, माझा पासपोर्ट उघडला न उघडला, "इंडिया?", झालं.

उतरलेल्यांकडे बहुतेक जेरुसलेमच्या रहिवाशांचं निळं ओळखपत्र असणार, त्यावर परमिट लागत नाही. वेस्ट बँकच्या हिरव्या कार्डवाल्याला जेरुसलेमला यायला इस्रायलचं परमिट हवं, वर बोटांचे ठसे घेतलेलं मॅग्नेटिक कार्ड हवं, आणि अर्ज फेटाळला तर कारण एकच, सुरक्षा. कसली सुरक्षा ते विचारायचं नाही. हॉस्पिटलला जायचं तरी हेच, म्हणजे पेशंटचं परमिट वेगळं आणि सोबतच्या माणसाचं वेगळं, मग आई मंजूर आणि मुलगा नामंजूर असंही होतं.

बेथलेहेममध्ये ज्यांच्याकडे मुक्काम आहे ते काका गवंडी. ऑक्टोबर 2023 आधी वेस्ट बँकमधून लाखाहून जास्त कामगार परमिटवर पलीकडे इस्रायलमध्ये जायचे, पहाटे तीनपासून रांगेत. मग बहुतेकांची परमिटं बंद झाली, काकांचंही गेलं. त्यांच्या जागी माणसं आणायला 2024 मध्ये आपल्याकडे भरती सुरू झाली, पुण्यात पण झाली. काकांना हे सगळं माहितीये. पहिल्याच दिवशी चहा देताना विचारलं, तू बांधकामावर आलायस का? नाही म्हटलं, तर हसले आणि साखर किती विचारली.