तुम्ही विचारलंत म्हणून: बघता सगळे तेच, मग भांडता कशावरून?

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, बघते असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "या वयात कार्टून?" त्याला उत्तर देणं मी कधीच सोडलं. दुसरा प्रश्न मात्र रास्त आहे आणि तो मला वरचेवर विचारला जातो. तुम्ही सगळे एकाच मालिकेवर जीव टाकता, मग एकमेकांच्या अंगावर एवढे धावून का जाता?

कारण आम्ही एकच मालिका बघत नसतो. पडदा तेवढा एक असतो.

'हारुही सुझुमिया' या मालिकेचे 2009 मधले आठ भाग घ्या. चाहत्यांमध्ये ते 'एंडलेस एट' म्हणून ओळखले जातात. उन्हाळी सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे संपायलाच तयार नाहीत. 31 ऑगस्टची रात्र सरली की पुन्हा 17 ऑगस्ट. पोहायला जा, फटाके उडवा, सिकाडे नावाचे किडे पकडा, सगळं पहिल्यापासून. एका भागात, फार तर दोन भागांत मावेल एवढाच जीव. क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओने त्याचे आठ भाग केले आणि जपानमधल्या प्रेक्षकांनी दोन महिने, दर आठवड्याला, जवळजवळ तीच गोष्ट पाहिली.

गोष्टीसाठी बघणारे भडकले, आणि त्यात नवल नाही. पण गंमत अशी की स्टुडिओने एक भाग करून आठ वेळा चिकटवला नव्हता. प्रत्येक भाग नव्याने काढलेला, कपडे वेगळे, चौकट वेगळी, संवादही दर वेळी नव्याने म्हणून घेतलेले. त्यामुळे चित्रांसाठी बघणाऱ्यांना ती पर्वणी वाटली: एकच प्रसंग आठ तऱ्हांनी कसा मांडला जातो हे एरवी कोण दाखवतं? आवाजासाठी बघणारे तेच वाक्य आठ वेळा ऐकत बसले. आणि पात्रांत गुंतणाऱ्यांचं म्हणणं सगळ्यांत वेगळं. नागातो नावाच्या मुलीला यातली प्रत्येक फेरी आठवत असते, आणि त्या फेऱ्या पंधरा हजारांच्या वर आहेत. तुम्ही आठ आठवड्यांत कंटाळलात? मग तिचं काय झालं असेल? चौघांचंही खरं आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही.

कोण कुठल्या जातकुळीचा हे त्याच्या आवडत्या मालिकांवरून कळत नाही. तो मागे नेऊन पुन्हा काय बघतो, त्यावरून कळतं.

साकुगावाले सेकंदांत जगतात. साकुगा म्हणजे खरं तर नुसतं 'चित्र काढणं', पण चाहत्यांच्या बोलीत त्याचा अर्थ झाला हालचालीचा असा तुकडा, जिथे कुणीतरी जीव ओतलाय. याचं मूळ तंगीत आहे. 1 जानेवारी 1963 ला तेझुका ओसामूंचा 'अॅस्ट्रो बॉय' टीव्हीवर सुरू झाला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा तर चित्रं वाचवणं भाग होतं. सेकंदाला चोवीस चौकटी, पण एकच चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवायचं, म्हणजे आठात भागतं. चेहरा स्थिर, फक्त ओठ हलतात. जुनी चित्रं जपून ठेवायची आणि पुन्हा वापरायची. ही काटकसर पुढे शैलीच होऊन बसली. म्हणूनच एखाद्या भागात अचानक वीस सेकंद सगळं सळसळायला लागलं की साकुगावाला ताठ होऊन बसतो. हे कुणाचं काम? शेवटच्या नामावळीत भागाच्या सगळ्या चित्रकारांची नावं असतात, पण कुठला तुकडा कुणाचा ते लिहिलेलं नसतं. मग हस्ताक्षर ओळखावं तसं ओळखायचं. धुराच्या रेघा ओढत, एकमेकींना वळसे घालत सुटलेली क्षेपणास्त्रं दिसली की ॲनिमेटर इतानो इचिरोंचं नाव निघतं. त्या करामतीला 'इतानो सर्कस'च म्हणतात. या मंडळींना गोष्ट विचारू नका. नायक मेला की जगला, हे पुष्कळदा त्यांना ठाऊक नसतं.

आवाजवाल्यांकडे मी पूर्वी जरा वरून बघायचे. चूक माझी होती. नोझावा मासाको या बाई 1986 पासून 'ड्रॅगन बॉल' मालिकेच्या नायकाचा, गोकूचा आवाज आहेत. गोकू मोठा झाला, बाप झाला, आणि गोहान आणि गोतेन या त्याच्या दोन्ही मुलांचे आवाजही त्यांनीच दिले. बाप-लेक बोलत असतात आणि तिन्ही बाजूंनी एकच बाई! हे कळल्यावर तो प्रसंग पुन्हा लावून पाहा, म्हणजे सबवाले (मूळ जपानी आवाज ऐकत खाली भाषांतर वाचणारे) डबचं, म्हणजे दुसऱ्या भाषेत भरलेल्या आवाजांचं, नाव काढताच का उसळतात ते थोडं कळेल. थोडंच हं. उत्तम डबही असतात, आणि भाषांतराच्या ओळी वाचण्याच्या नादात चित्र हुकतं, हे सबवाले कबूल करत नाहीत.

शिवाय काहींना नुसतं बघून पुरत नाही, हातांना काम लागतं. 1975 च्या डिसेंबरात टोकियोत पहिलं कोमिकेट, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या चित्रकथांचा बाजार, भरलं तेव्हा स्वतःची पुस्तिका घेऊन आलेले गट होते 32 आणि आलेली माणसं 700 च्या आसपास, त्यांतही शाळकरी मुलींचाच भरणा. मूळ लेखकाने दोन पात्रांना एकत्र आणलं नाही? हरकत नाही, आम्ही आणतो. 'गंडम' या रोबोंच्या गोष्टीची पहिली मालिका 1979-80 मध्ये 43 भागांवरच आवरती घ्यावी लागली. तिला तारलं ते पुनःप्रक्षेपणाने आणि घरी बसून प्लास्टिकचे रोबो जोडणाऱ्यांनी. काही जण चालत निघतात. 2016 च्या 'योर नेम' या चित्रपटातला जिना टोकियोत सुगा देवळापाशी आहे. तिथे जाऊन लोक अगदी त्याच कोनातून फोटो काढतात. याला ते 'तीर्थयात्रा' म्हणतात, आणि थट्टेने म्हणत नाहीत.

एका जातीशी मात्र माझं जमत नाही: मोजणारे. किती मालिका संपवल्या, कुठल्या भागाला दहापैकी किती. दीडपट वेगाने बघून यादीत भर घालायची. निवांतपणा हाच ज्या मालिकेचा प्राण, तीही दीडपट वेगाने! असो. त्यांनाही त्यातून काहीतरी मिळत असणारच.

"मग तुम्ही स्वतः कुठल्या?" हा पुढचा प्रश्नही येतोच. मी गोष्टवाली. 'एंडलेस एट' मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुसऱ्या भागावरून थेट आठव्यावर उडी मारली होती. हे एका साकुगावाल्या मैत्रिणीला कळलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कादंबरीची मधली दोनशे पानं फाडून टाकली होती. म्हणून मागच्या महिन्यात आठही भाग क्रमाने बघायला बसले. कपडे बघितले, चौकटी बघितल्या, चौथ्या भागात एकाच वाक्याचा सूर बदललेला पकडला तेव्हा स्वतःवरच खूश झाले.

पाचव्या भागात मला झोप लागली. तिला अजून सांगितलेलं नाही.