पायावरचे लाल ठिपके : काचेचा पेला आणि मागचे दहा दिवस

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा 44 च्या वर गेला की नडगीवर उठलेल्या कुठल्याही ठिपक्यांना घरात एकच नाव मिळतं : उष्णता. मग सब्जा, गुलकंद सुरू. कापूस वेचणीच्या दिवसांत तेच दिसलं, की ‘शेतात काहीतरी चावलं’. असेलही. पण आधी घरातला काचेचा पेला घ्या.

पेला ठिपक्यावर दाबून आरपार बघा. घामोळं, पित्त, साधी लाली दाबली की फिकी पडते. ठिपका जांभळट-लाल तसाच राहिला, तर रक्त नळीबाहेर कातडीत उतरलंय. मग डोळे मिटून बोट फिरवा. डेंग्यूत प्लेटलेट घसरून येणारे ठिपके सपाट असतात, बोटाला लागत नाहीत. मसुराच्या दाण्यासारखा उंचवटा लागला, तर संशय बारीक रक्तवाहिन्यांच्या सुजेचा, म्हणजे व्हॅस्क्युलायटिसचा.

होतं असं : औषधाचा किंवा जंतूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं एकमेकांना चिकटून रक्तात फिरतात आणि कातडीतल्या इवल्या शिरांच्या भिंतीत अडकतात. त्यांच्यावर धावून आलेल्या पांढऱ्या पेशी तिथेच फुटतात, भिंत खराब होते, रक्त झिरपतं. पोटऱ्या-घोट्यांवर जास्त, कारण उभ्या माणसात शिरांवरचा दाब तिथेच सर्वाधिक. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला हेच ठिपके कुल्ल्यांवर उठतात.

कारण शोधायचं तर आज काय खाल्लं ते विचारून उपयोग नाही. साधारण सात ते दहा दिवस मागे जा. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटातली प्रतिजैविकं, सल्फा, दुखण्यावरच्या गोळ्या, युरिक अॅसिडसाठीचं अॅलोप्युरिनॉल हे नेहमीचे संशयित. इथेच गाडं अडतं : तापासाठी कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळतात, आणि दहा दिवसांनी ‘एक पांढरी, एक गुलाबी’ एवढंच आठवतं. नाव लिहून घ्या, पाकिटाचा फोटो काढून ठेवा.

औषधाखेरीज घशाचा संसर्ग (मुलांत विशेष), हिपॅटायटिस बी आणि सी, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार), संधिवात, क्वचित कॅन्सर. कितीतरी रुग्णांत कारण सापडतच नाही. आणि उष्णतेची बाजूही थोडी खरी आहे : उन्हात मैलोन्‌मैल चाललं की नडगीवर चट्टे येतात, मोज्याखालची कातडी मात्र बहुधा कोरी राहते. हे आठवडा-दहा दिवसांत विरतात. चैत्रात सप्तशृंगीच्या गडाला पायी निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

तपासणीत लघवी सर्वांत आधी. स्वस्त आहे आणि मूत्रपिंडाची खबर तीच देते. सोबत रक्तपेशींची मोजणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), हिपॅटायटिस. कातडीचा तुकडा काढायचा तर ठिपका 24 ते 48 तासांचा हवा. जुन्या ठिपक्यात खुणा पुसट होतात. इम्युनोफ्लुरोसन्ससाठीचा (भिंतीत अडकलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणारी तपासणी) दुसरा तुकडा ताज्या ठिपक्याचा, आणि तो फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवण्याच्या नेहमीच्या द्रावणात, टाकायचा नाही. सवयीने दोन्ही एकाच बाटलीत जातात आणि ही तपासणी वाया जाते.

संशयित औषध डॉक्टरांना विचारून थांबवणं, पाय उशीवर उंच ठेवून विश्रांती, घट्ट मोजे बंद. साध्या दुखण्यात तीन-चार आठवड्यांत उतार पडतो. तपकिरी डाग काही महिने राहतात, त्यांना घाबरू नका. फोड, जखमा होऊ लागल्या तर कोल्चिसिन, डॅप्सोन किंवा थोड्या दिवसांचं स्टेरॉइड. डॅप्सोनआधी जी-सिक्स-पीडी, म्हणजे तांबड्या पेशींना फुटण्यापासून जपणारं एन्झाइम, तपासलंच पाहिजे. नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेलचे (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) रुग्ण आहेत. रक्तपेशी फोडू शकणारं हे औषध तिथे दुप्पट जपून. दुकानातून आणलेलं स्टेरॉइड मनाने चालू-बंद करणं सर्वांत वाईट.

पोटात मुरडा, काळी शौच, चहाच्या रंगाची लघवी, पाऊल बधिर होणं किंवा लुळं पडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. मुलांचे ठिपके गेले तरी लघवीची तपासणी सहा महिने अधूनमधून करत राहा. मूत्रपिंडाचा त्रास उशिरा आणि गुपचूप येतो.