सहा महिन्यांची ओहोटी

पहाटे चारला हडपसर सोडलं. यवतपाशी धुकं, चौफुल्याला चहा आणि उजाडता उजाडता भिगवणजवळच्या कुंभारगावचा काठ. पुण्याहून इथे बहुतेक जण रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला येतात. मीही दोनदा तेच करून गेलो होतो. या वेळी होडीवाल्या दादांना आधीच सांगून टाकलं, रोहित नकोत, चिखल दाखवा.

"चिखलच हाय की समदा," ते हसले.

फेब्रुवारी संपत आला होता. पावसाळ्यात भरलेलं उजनी धरणाचं पाणी आता उतरणीला लागलेलं, काठावर रोज नवा ओला पट्टा उघडा पडत होता. आजोळी, रत्नागिरीला, हेच ओहोटीच्या वेळी बघितलंय. तिथे मात्र सहा तासांत भरती येते आणि पक्ष्यांना भरल्या पंगतीतून उठवते. मग ते वरच्या कोरड्या वाळूत एका पायावर पेंगत पाणी उतरायची वाट बघतात. इथली ओहोटी जूनपर्यंत चालते. "अजून उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतंय," दादा म्हणाले.

इंजिन बंद करून बांबूने होडी काठाला नेली. कंठेरी चिखल्या चार पावलं पळायचा, थबकायचा आणि एकदाच नेमकी चोच मारायचा. त्याचं सगळं काम त्या मोठ्या डोळ्यांवर. टिलव्यांचं उलट, मान वर न करता, पोस्टात शिक्के मारावेत तशी ठपठप. जेमतेम पंचवीस ग्रॅमचा हा जीव थेट उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून येतो.

मी सर्वांत जास्त वेळ घालवला पाणटिवळ्यापाशी. त्याने लांबलचक चोच मुळापर्यंत चिखलात खुपसली, तोंडही पाण्यात बुडालं. आत काहीच दिसत नाही, पण चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो. शिवाय बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडता येतं, चिमट्यासारखं. वर आली ती तांबडी, वळवळणारी अळी. गट्टम.

फोटोच्या मोहात मी खाली उतरलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. दादांनी ओढून काढलं, पण डावी चप्पल आतच राहिली. हात घालून चाचपली, मिळाली नाही.

"लांब चोच पायजे, सायेब!"

होडी जरा मागे सरली तोच तुतारी नावाचं एक पाखरू शेपूट हलवत आलं आणि माझ्या पायाच्या खड्ड्यात चोच घालून बघू लागलं.