पाय मोडलेली अक्षरे

दारिजा, म्हणजे मोरोक्कोतली बोली अरबी, कानांनी ऐकून देवनागरीत उतरवण्याचा नाद मला लागला आणि थोड्याच दिवसांत माझी वही पाय मोडलेल्या अक्षरांनी भरून गेली. ग्रांथिक अरबीतला ‘किताब’ तिथे ‘क्ताब’ होतो, ‘मदीना’ची ‘म्दीना’ होते. आणि आपल्याला संत म्हणून ठाऊक असलेला ‘कबीर’, ज्याचा अरबी अर्थ ‘मोठा’, तो ‘क्बीर’ होऊन बाजारातल्या भोपळ्यालाही लागतो.

ऱ्हस्व स्वर गिळण्याची ही खोड मनमानी नाही. ‘त्याने लिहिले’ हे ‘क्तब्’, ‘त्यांनी लिहिले’ हे ‘कत्बू’ आणि ‘मी लिहिले’ हे ‘क्तब्त्’: क, त, ब ही व्यंजने आपला क्रम सोडत नाहीत, उरलासुरला ‘अ’ मात्र प्रत्यय पाहून जागा बदलतो. नकारासाठी आधी ‘मा’ आणि शेवटी ‘श्’ लावला की ‘मा क्तब्त्श्’ तयार होते, आणि तिथे माझी जीभ हटकून एखादा ‘इ’ घुसवते. अशी सवय इतर अरबी बोलींनाही आहे. ‘मी त्याला लिहिले’ यासाठी कैरोची बोली ‘कतब्तिलू’ म्हणते, तर इराकी बोली ‘कितबित्ला’. तीन व्यंजने एकत्र आली की दोघीही गुदमरतात, फक्त खिडकी कुठे उघडायची याबद्दल त्यांचे एकमत नाही.

दारिजाची व्यंजनांची अशी गर्दी पेलण्याची ही ताकद शेजारच्या अमाझिग, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, भाषांच्या सहवासातून आली, असे बरेच अभ्यासक मानतात. मोरोक्कोतल्या अगादीर शहराच्या परिसरातल्या तश्लहीत या अमाझिग भाषेत ‘तू ती मुरगळलीस’ एवढे वाक्य ‘त्फ्त्क्त्स्त्त्’ या एका स्वरहीन शब्दात मावते. त्यापुढे आपले ‘कार्त्स्न्य’ अगदीच लेकरू वाटते.

मौज अशी की अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर एरवी लिहीतच नाहीत, त्यामुळे ‘कतब’ असो वा ‘क्तब्’, कागदावर तीच तीन अक्षरे उमटतात आणि स्वर गेल्याची त्या कागदाला खबरही नसते. देवनागरी मात्र गेलेल्या प्रत्येक स्वरामागे एकेक पाय मोडून घेते. अर्थात परक्या भाषेच्या बाबतीत. ‘करतो’ लिहून आपण ‘कर्तो’ म्हणतो, याकडे ती खुशाल कानाडोळा करते. परवा मी त्याच वहीत मराठीसाठी एक रकाना आखला. ‘बस्ला’, ‘समज्ला’, ‘कर्वत’ असे करता करता पहिले पान संध्याकाळच्या आतच भरले.